धोंडीचा बेडूक

प्रिय चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "पाऊस लांबला, पोरांनी काल धोंडी काढली." धोंडी म्हणजे पाऊस यावा म्हणून बेडूक टांगून दारोदार फिरायची रीत, हे मी सांगितलं आणि तुझा चेहराच उतरला. "बेडकाला उलटं टांगायचं? मार्चमध्ये आपण त्यांना बादलीतून रस्ता पार करून दिला ना! बाबा, तूपण टांगला होतास?"

मी नुसतं "हो" म्हणालो. पण एवढ्यावर सोडून देण्यासारखा तुझा प्रश्न नव्हता, म्हणून लिहितोय. अडलं तर आईकडून वाचून घे.

मी चौथीत होतो. मृगात पेरण्या झाल्या, दोन सरी आल्या आणि मग पाऊस जो गेला तो तीन आठवडे फिरकलाच नाही. यवतमाळकडची आपली शेती कोरडवाहू, म्हणजे सगळी पावसाच्या भरवशावर. कपाशीचे कोंब जळाले की दुबार पेरणी करावी लागते, आणि दुसऱ्यांदा बियाणं आणायला घरात पैसा नसतो. आजोबा संध्याकाळी बांधावर जाऊन नुसते उभे राहायचे. त्यांच्याशी बोलायची हिंमत कोणाला होत नसे.

अशा वेळी गाव पोरांना सांगायचं, धोंडी काढा. आम्ही विहिरीजवळून एक बेडूक धरून आणला. एका मुसळाला कडुलिंबाचा पाला गुंडाळला, मध्ये बेडूक पायाला दोरी बांधून लटकवला, आणि दोघांनी मुसळ खांद्यावर घेतलं. दारोदार जाऊन ओरडायचं, "धोंडी धोंडी पाणी दे, धान-कोंडा पिकू दे." घरातली बाई तांब्याभर पाणी मुसळावर ओतायची आणि आमच्या झोळीत धान्य घालायची. शेवटी मारुतीच्या देवळापाशी त्या धान्याचा स्वयंपाक व्हायचा आणि बेडूक सोडून द्यायचा. मुसळाचं मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं. तो बेडूक पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता, त्याचं पोट भराभर हलत होतं.

मार्चमधली ती रात्र आठव. बादल्या वाटणाऱ्या काकूंनी तुला हातमोजे आधी ओले करायला लावले होते. का, ते तेव्हा सांगायचं राहून गेलं. बेडूक, टोड म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, पालीसारखा दिसणारा सॅलॅमँडर, हे सगळे उभयचर. त्यांची कातडी आपल्यासारखी नुसतं झाकण नसते. बेडकाला फुप्फुसं असतात, पण तो कातडीतूनही श्वास घेतो, आणि त्यासाठी ती ओली असावी लागते. पाणीसुद्धा तो तोंडानं पीत नाही. ओल्या जागी बसला की पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते आत शोषलं जातं. कोरडा हात लागला तर त्या नाजूक कातडीला इजा होते.

आता तो मुसळावरचा बेडूक डोळ्यांसमोर आण. जुलैचं ऊन, उलटा टांगलेला, कातडी सुकत चाललेली. त्याला वाचवलं ते दर दारातल्या तांब्याभर पाण्यानं. पाणी ओतणाऱ्या बायांना हे ठाऊक होतं का, मला माहीत नाही. पण ज्या घरात पिण्याचं पाणी मैलभरावरून यायचं, त्या घरानंही त्याच्यावर पाणी ओतायला मागेपुढे पाहिलं नाही. हे आठवलं की अजून घसा दाटतो.

बेडूक ओरडल्यानं पाऊस येत नाही. पाऊस येतो म्हणून बेडूक ओरडतो. ओरडतात ते नर, मादीला बोलावण्यासाठी, कारण बहुतेक बेडकांची अंडी पाण्यातच तगतात. आपल्याकडचा मोठा बेडूक उन्हाळा जमिनीत दडून काढतो. पहिल्या जोरदार पावसात तो वर येतो, तेव्हा नर हळदीसारखा पिवळाधमक झालेला असतो आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात. ऋग्वेदाच्या 7व्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे. वर्षभर व्रत धरून गप्प पडून राहिलेले ब्राह्मण पावसानं बोलते व्हावेत, तसे हे बोलू लागले, असं त्यात म्हटलंय. आमच्या गावानं बेडकाला पावसाचा सोबती मानलं, ते इतकं जुनं आहे.

पण ज्या विहिरीजवळून आम्ही बेडूक आणला, ती आज बुजली आहे. नाल्याकाठचं डबकं शेतात गेलं. आणि कपाशीवर जी फवारणी होते, ती पावसाबरोबर उरल्यासुरल्या डबक्यांत उतरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाची जाड कातडी असून ही गत, तर जो कातडीनंच पाणी पितो त्याचं काय होत असेल? त्याच डबक्यात बेडूकमासे असतात. कल्ल्यांनी श्वास घेणारे, शेवाळ खाणारे. पाय फुटतात, शेपटी हळूहळू शरीरातच जिरते, आणि मग ते बाहेर पडतात. तोवर डबकं टिकायला हवं. मधल्या उघडिपीत ते आटलं, तर सगळी पिढी चिखलात सुकते.

सिंधुदुर्गातल्या आंबोलीत एक टोड आहे, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला. 2009 साली शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नोंदवलं. तो फक्त त्याच भागात सापडतो आणि जांभ्या दगडाच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो. पावसाळ्यात आंबोलीला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बेडूक रस्ता ओलांडत असतात. तिथं तुझ्यासारखी बादली घेतलेली मुलं हवीत. गोव्यात तर पहिल्या पावसात मोठे बेडूक ताटात जातात, कायद्यानं बंदी असूनही. पूर्वी भारतातून बेडकांचे पाय परदेशी जायचे, ते मात्र 1987 मध्ये बंद झालं.

आणि माणसाचा हात थेट दिसत नाही तिथंही एक बुरशी पसरली आहे. ती बेडकाच्या कातडीला धरते, रक्तातले क्षार बिघडतात आणि हृदय थांबतं. जगभरच्या उभयचरांपैकी 41 टक्के जाती आज धोक्यात आहेत. एवढी वाईट अवस्था पक्ष्यांची नाही, सस्तन प्राण्यांचीही नाही.

तर, टांगणं चूक होतं का? हो, चूक होतं. तो बेडूक भ्यायला होता आणि ते मला तेव्हाही दिसत होतं. पण धोंडी काढणारी माणसं दुष्ट नव्हती, चिऊ. घाबरलेली होती. काही गावांत एका पोरालाच कडुलिंबाच्या पाल्यानं झाकून धोंडी करतात आणि त्याच्यावर पाणी ओततात. पोरगं हसतं, थंडगार होतं. मला विचारशील तर धोंडी अशीच काढावी.

काल मी आजीला फोन करून विचारलं, परवाचा बेडूक कुठं सोडला? नाल्याला पाणीच नाही, म्हणून तिनं तो पोरांकडून मागून घेतला. आपल्या न्हाणीचं पाणी ज्या केळीच्या आळ्यात जातं, तिथं ठेवलाय म्हणाली. अजून तिथंच आहे का, हे येत्या रविवारी तूच तिला विचार.

तुझा,
बाबा