खडशीची आईकडची वंशावळ

(मागच्या अंकात दख्खनी महाशीर, म्हणजे आपल्या नद्यांतली खडशी, हिच्या मायटोकॉन्ड्रियल जीनोमवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवर, मी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, उत्तरं मात्र लागतील तेवढी मोठी.)

वाईहून एक शिक्षिका विचारतात: पेशीतला खरा जीनोम तर केंद्रकात असतो. तो सोडून मायटोकॉन्ड्रियातलं एवढंसं वर्तुळ वाचून माशाबद्दल काय कळणार?

बाई, वर्तुळ लहान आहे हे खरं. साधारण साडेसोळा हजार अक्षरं (डीएनएचे ए, टी, जी, सी हे घटक). त्यात ३७ जनुकं: प्रथिनं बनवणारी १३, ट्रान्सफर आरएनएची २२ आणि रायबोसोमची दोन. शिवाय एक नियंत्रण पट्टा, ज्यात जनुक नाही. माणसाचं हे वर्तुळ १९८१ साली केंब्रिजमध्ये पूर्ण वाचलं गेलं. त्यात १६,५६९ अक्षरं आणि हीच ३७ जनुकं आहेत. खडशीत आणि आपल्यात एवढं साम्य आहे, हे वर्गात मुलांना सांगाच.

महाशीरच्या बाबतीत या लहान वर्तुळाचं मोल जास्तच आहे. कार्प कुळातल्या बहुतेक माशांना ५० च्या आसपास गुणसूत्रं असतात, महाशीरला १००. कारण यांच्या पूर्वजांत कधीतरी संपूर्ण जीनोम दुप्पट झाला. त्यामुळे केंद्रकातलं एखादं जनुक वाचायला गेलं की त्याच्या जवळपास सारख्या प्रती समोर येतात आणि कोणती प्रत कोणाशी ताडायची हेच ठरत नाही. मायटोकॉन्ड्रियाला हा गुंता नाही. तो आईकडूनच येतो, बापाच्या डीएनएशी त्याची सरमिसळ होत नाही. पुन्हा एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढा पराचा तुकडाही पुरतो.

तुम्ही पुढे विचारलं आहे की वाचतात कसं. पूर्वी वर्तुळाचे तुकडे पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीने) वाढवून, दर खेपेला सात-आठशे अक्षरं वाचत, एकाचं टोक दुसऱ्यावर चढवत पुढे जावं लागे. आता सगळा डीएनए एकदम यंत्रावर घालतात, दीडशे-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे मिळतात आणि संगणक त्यातून मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे वेचून जोडतो. प्रती जास्त असल्यामुळे ते आपोआप वर येतात. अडतं ते नियंत्रण पट्ट्यात. तिथे 'टीए टीए टीए' अशी एकाच जोडीची रांग असते आणि ती किती वेळा आली आहे हे छोट्या तुकड्यांना सांगता येत नाही. त्या जागी मी संगणकावर विसंबत नाही. तेवढा भाग वेगळा वाढवून, जुन्या सँगर पद्धतीने दोन्ही बाजूंनी वाचून घेते. वेळ जातो, पण वर्तुळ खरोखर बंद झालं की नाही ते त्याशिवाय कळत नाही.

कराडचा एम.एस्सी.चा विद्यार्थी लिहितो: जनुकाच्या अक्षरांचं संगणकावर प्रथिनात रूपांतर केलं की मधेच 'स्टॉप', म्हणजे प्रथिन इथे संपलं असे संकेत, येतात. नमुना खराब असेल का?

आधी सॉफ्टवेअरमध्ये संकेतांचा तक्ता कोणता निवडला आहेस ते बघ. पहिला तक्ता केंद्रकाच्या जनुकांसाठी आहे. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियासाठी दुसरा लागतो. त्यात टीजीए म्हणजे थांबा नाही, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तक्ता बदललास की बहुतेक 'स्टॉप' नाहीसे होतील. सीओ-वन हे जनुक एटीजी या नेहमीच्या सुरुवातीच्या संकेताऐवजी जीटीजीने सुरू झालेलं दिसलं तरी घाबरू नकोस, माशांत तसंच असतं. काही जनुकांच्या शेवटी नुसता 'टी' किंवा 'टीए' सापडेल. आरएनएला शेपटीची 'ए' अक्षरं जोडली गेली की तो थांबा पुरा होतो. एवढं सगळं पाहूनही मधे 'स्टॉप' उरले, तर वाचनयंत्राने दिलेला मूळ आलेख उघडून अक्षर न् अक्षर तपास. केंद्रकात जाऊन पडलेली मायटोकॉन्ड्रियाची जुनी नक्कल कधीकधी पीसीआरमध्ये वाढते.

भोरहून मासेमारी करणारे एक वाचक: तुम्ही म्हणता पराचा तुकडा पुरतो. मग प्रयोगशाळेवाले अख्खा मासा का मागतात? खडशी आता मिळते कुठे, आणि ती मारायची?

दादा, तुमचा राग मला समजतो आणि तो रास्त आहे. डीएनएसाठी मासा मारावा लागत नाही. पोटाकडच्या पराचं टोक कापायचं, ते निर्जल अल्कोहोलमध्ये टाकायचं आणि मासा लगेच पाण्यात सोडायचा. पर भरून येतो. फॉर्मलिनमध्ये मात्र तुकडा कधीच टाकू नका, त्यात डीएनए एकमेकांत अडकून तुटतो.

पण अख्खा मासा का मागतात यालाही कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने या कामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच. साडेसोळा हजार अक्षरं मी जागतिक डेटाबँकेत ठेवली आणि वर 'टोर खुद्री' हे खडशीचं शास्त्रीय नाव लिहिलं. ते नाव बरोबर आहे हे कशावरून? उद्या कोणी शंका काढली, तर दाखवायला काय आहे? महाशीरच्या जातींची नावं भारतात दीर्घकाळ गोंधळलेली आहेत. एकाच माशाला दोन नावं आणि एकाच नावाखाली दोन मासे, दोन्ही घडलं आहे. चुकीच्या नावाची अक्षरमाला डेटाबँकेत गेली की पुढचा प्रत्येक अभ्यासक आपला मासा तिच्याशी ताडतो आणि चूक पसरत जाते. म्हणून ज्या माशाचा डीएनए वाचला, तो मासा संग्रहालयात क्रमांक देऊन जपलेला असावा, म्हणजे पन्नास वर्षांनीही कोणी त्याचे खवले मोजू शकेल, ओठ आणि मिशा पाहू शकेल. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. ही कामं तिथे नेटाने होतात.

खडशीच्या बाबतीत तर जागाही तितकीच महत्त्वाची. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. म्हणजे खडशीचा आधारभूत जीनोम म्हणून जो मिरवायचा, तो भीमेच्या या खोऱ्यातल्या माशाचा असायला हवा. दुसऱ्या राज्यातल्या तळ्यात वाढवलेल्या, बीज कुठून आलं हे ठाऊक नसलेल्या माशाचा नव्हे. इथे मी हट्टी आहे. नमुन्याच्या बाटलीत आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी (शाई अल्कोहोलमध्ये विरघळते): नदी, गाव, डोहाचं नाव, तारीख, जाळं की गळ. या चिठ्ठीशिवाय आलेला तुकडा मी वाचायला घेत नाही.

मग मारायचा की नाही? माझं मत असं: एका खोऱ्यातून एक मासा, तोही शक्यतो तुमच्या जाळ्यात आधीच मेलेला, संग्रहाला द्यावा. बाकी सगळ्यांचे फक्त पर. आणि महाडजवळच्या वाळणकोंडासारख्या डोहात, जिथे गावाने देवीचे मासे म्हणून ते राखले आहेत, तिथे एकही मासा मारू नये. तिथे गावाची परवानगी घेऊन पर आणि बाजूला पट्टी ठेवून काढलेले स्वच्छ फोटो एवढ्यावर भागवावं. डोकं, तोंड, मिशा, बाजूच्या रेषेवरचे खवले मोजता येतील असे फोटो. पुरावा थोडा कमी पडेल, पडू दे. त्या गावांनी मासे राखले नसते तर वाचायला काही उरलंच नसतं.

बेंगळुरूहून एक मराठी वाचक, हौशी गळकरी: कावेरीवर ऐकलं की महाराष्ट्रातून आलेल्या महाशीरने तिथला मूळ मासा संपवत आणला. हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे, आणि महाराष्ट्रात ते पुरेसं बोललं जात नाही म्हणून सविस्तर सांगते.

महाशीर घटत चालला म्हणून लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. ते काम मोलाचं होतं. या प्रजातीची अंडी कशी काढावीत, कशी उबवावीत हे आपल्याला तिथूनच कळलं. तिथलं बीज देशभर गेलं आणि कावेरीतही सोडलं गेलं. सोडणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण कावेरीत आधीपासून स्वतःचा महाशीर होता, मोठ्या कुबडाचा, जगभरचे गळकरी ज्याच्यासाठी यायचे तो. खडशी तिथे वाढत गेली आणि कुबडवाला दिसेनासा होऊ लागला. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी यांचाही त्यात हात आहे, सगळा दोष एका माशावर टाकू नये.

मला अस्वस्थ करतं ते असं: त्या कुबडवाल्याला तोवर नक्की शास्त्रीय नावही नव्हतं. २००७ मध्ये केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून टोर रेमादेवी नावाची जात वर्णिली गेली. तीच जात म्हणजे कावेरीचा कुबडवाला, हे २०१८ मध्ये मायटोकॉन्ड्रियल जनुकं आणि शरीराची मापं ताडून दाखवलं गेलं. त्यानंतरच तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. ज्याला नाव नाही, त्याला यादीत जागा मिळत नाही, त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही. या नुसत्या अक्षरांनी काय साधतं, असं मला अनेकदा विचारतात. हे साधतं.

तुमचा दुसरा प्रश्न, दोन्हींचा संकर होत असेल तर मायटोकॉन्ड्रियावरून कळेल का? एकट्याने नाही. संकरित पिल्लाची आई खडशी असेल तर त्याचं वर्तुळ पूर्ण खडशीचं दिसेल, बाप कोणीही असो. त्यासाठी केंद्रकातल्या खुणाही वाचाव्याच लागतात. म्हणून कोणत्याही नदीत बीज सोडण्याआधी नुसत्या मायटोकॉन्ड्रियाच्या अहवालावर कोणी शिक्का मारू नये. आणि खोऱ्याबाहेरचं बीज तर सोडूच नये, अहवाल कितीही चांगला आला तरी.

कोल्हापूरच्या निसर्गमंडळातून: पंचगंगेचं नुसतं पाणी तपासून त्यात कोणते मासे आहेत हे सांगता येतं म्हणतात. आम्ही करू शकू का?

येतं. माशाचा चिकटा, खवले, विष्ठा यांतून डीएनए पाण्यात उतरतो. पाणी बारीक गाळणीतून गाळून त्या गाळणीवरचा डीएनए वाचतात. जपानमधल्या मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यासाठी माशांच्या १२एस या मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमच्या जनुकातला एक लहान, साधारण १७० अक्षरांचा भाग निवडला. आता जगभर तो वापरतात.

पाणी गाळणं तुम्हाला जमेल. हातमोजे बदलत राहा, प्रत्येक ठिकाणी स्वच्छ बाटली वापरा, आणि एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची तशीच गाळा, म्हणजे आपल्या हातून काही मिसळलं का ते कळेल. तुमची अडचण पुढे येईल. पाण्यातून निघालेली १७० अक्षरं कोणाची हे ओळखायला खात्रीच्या माशांची १२एस जनुकं हाताशी लागतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांतले कितीतरी लहान मासे, दगडांना चिकटून राहणारे, वाळूत दडणारे, बाजारात कधी न येणारे, असे आहेत की त्यांचं पूर्ण वर्तुळ वाचलेलंच नाही. त्यांची अक्षरं पाण्यात सापडली तरी संगणक जवळच्या भलत्याच नातेवाइकाचं नाव सांगेल आणि आपण ते खरं मानू.

म्हणून माझा सल्ला असा की पाण्याआधी मासे घ्या. राधानगरीच्या बाजूला किंवा कुठल्याही संरक्षित क्षेत्रात जायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा. भोई मंडळींना सोबत घ्या, कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठल्या दगडाखाली मिळतो हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्यांनी सांगितलेलं नाव चिठ्ठीवर शास्त्रीय नावाच्या बरोबरीने लिहा. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागामार्फत संग्रहालयाशी बोला. नमुने परदेशी पाठवायचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आधी वाचा. पराचे तुकडे आणि पेन्सिलीच्या चिठ्ठ्या नीट असतील तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा, वाचायचं कुठे आणि कसं ते आपण मिळून ठरवू.