थंड मुलखात हिवाळ्यात रूफिंगच्या गँगला काम कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आठ माणसं आहेत, बर्फ पडला की शिंगलचं (छपरावर एकावर एक बसवायच्या डांबरी पट्ट्यांचं) काम थांबतं, मग बर्फ उपसायची कामं घ्यावीत की वसंतापर्यंत माणसांना सुट्टी द्यावी? सुट्टी देऊ नका. बाकी सगळं नंतर.

माझ्या जुन्या भागीदाराशी मी याच प्रश्नावर कित्येक वर्षं भांडलो. त्याचं म्हणणं, छप्परवाल्याचं काम छपरावर. पारा 5 अंशांच्या खाली गेला की शिंगलची चिकटपट्टी धरत नाही, शिंगल वाकवली की तडकते, तेव्हा पोरांना घरी पाठवा आणि मार्चमध्ये बोलवा. पहिला भाग खरा आहे. तातडीच्या दुरुस्तीत आम्हीही प्रत्येक शिंगलखाली डांबरी सिमेंटचे नाण्याएवढे ठिपके हाताने लावून ती दाबतो, पण अख्खं छप्पर असं करायला बसलात तर मजुरी निघत नाही. दुसरा भाग साफ चुकीचा. मार्चमध्ये बोलावल्यावर येतो कोण? ज्याला दुसरीकडे काम मिळालं नाही तो. चांगला हात तोवर दुसऱ्याच्या शिडीवर चढलेला असतो.

एका हिवाळ्यात गळतीचा फोन आला. बाईंच्या बेडरूमच्या छताला बाहेरच्या भिंतीलगत पिवळे डाग पडले होते आणि पन्हळीवर हातभर जाडीचा बर्फाचा बांध. आमच्याआधी येऊन गेलेल्या ठेकेदाराने सांगितलं होतं, वसंतात अख्खं छप्पर बदला. भागीदार म्हणाला, बरोबर आहे, आपणही तेवढ्याचा अंदाज देऊ आणि निघू. मी पोटमाळ्यावर चढलो. टॉर्च लावला तर छपरातून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरा दव गोठलेला. बाथरूमच्या पंख्याचा पाइप सांध्यातून निसटून आडवा पडलेला, सगळी वाफ थेट माळ्यावर. चिमणीच्या आणि नळांच्या भोवतीच्या फटींवरचं इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) काळं पडलेलं. खालची गरम हवा वर्षानुवर्षं त्यातून गाळली गेली की धूळ अडकून ते तसं काळं पडतं. म्हणजे छप्पर शाबूत होतं. घराची ऊब माळ्यावर जात होती, वरचा बर्फ वितळत होता, पाणी थंड वळचणीला येऊन गोठत होतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण बांध झाला की मागे साचलेलं पाणी शिंगलखाली वर चढतंच.

आम्ही बांध कमी दाबाच्या वाफेच्या मशीनने कापून काढला. कुऱ्हाड नाही, मीठ नाही. कुऱ्हाडीने शिंगल जाते आणि मिठाने पन्हळ. मग माळ्यावर आठवडाभर काम. पाइप जोडून छपराबाहेर काढला, नळांभोवती फोम भरला, चिमणीभोवती पत्रा आणि आगीला टिकणारा सीलंट (तिथे साधा फोम मारणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही), वळचणीच्या हवेच्या वाटा बुजू नयेत म्हणून वाशांमध्ये आडोसे ठोकले आणि शेवटी वरून सेल्युलोज (कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन) मशीनने फुंकला. फटी आधी, इन्सुलेशन नंतर. उलटं केलं तर पैसे पाण्यात. बाहेर वारा कापत होता आणि आमची पोरं आत गुडघ्यावर बसून काम करत होती. एकाचाही रोज बुडला नाही. पुढच्या थंडीत त्या पन्हळीवर बांध धरला नाही, आणि त्या बाईंनी सांगितल्यामुळे त्याच गल्लीतली आणखी घरं मिळाली.

भागीदाराला तरी पटलं नाही. म्हणाला, हे इन्सुलेशनवाल्याचं काम. मी म्हणतो, छप्पर का गळतंय हे ज्याला कळतं त्याचं काम.

आता काम शोधायचं कुठे? हिवाळ्यात शोधायला निघालात तर उशीर झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जिथे जिथे तुम्ही छप्पर घालता तिथेच माळ्याचे फोटो काढा आणि मालकाच्या हातात ठेवा. गेल्या चार-पाच वर्षांतल्या गिऱ्हाइकांची यादी काढून फोन करा. गोदामं, शाळा, दुकानांच्या सपाट छपरांचे वार्षिक देखभालीचे करार शरदातच होतात. सपाट छपरावरचं टीपीओ (प्लास्टिकचं पाणी अडवणारं आवरण) गरम हवेने जोडायचं असतं, ते थंडीतही होतं. रोज सकाळी तुकड्यावर जोड मारून ओढून बघायचा आणि मशीनचं तापमान ठरवायचं. गोंदाने चिकटवायच्या ईपीडीएमला (रबरी आवरणाला) मात्र थंडी चालत नाही. पत्र्याचं काम, सोफिट (वळचणीखालचं अस्तर), घरातली तोडफोड, जिप्सम बोर्ड हेही आहेच.

बर्फ उपसायचं काम घ्या, पण त्यावर हिवाळा काढायची आशा ठेवू नका. पडला तर पडला. ओला बर्फ फूटभर साचला तर चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास भार होतो. पोलंडमध्ये कातोवित्सेच्या प्रदर्शन सभागृहाचं छत 28 जानेवारी 2006 ला बर्फाखाली कोसळलं, 65 माणसं गेली. म्हणून एकाच बाजूचा बर्फ काढून दुसरी भरलेली ठेवू नका, काढलेल्याचा ढीग छपरावरच घालू नका. फावडं प्लास्टिकचं, आणि खाली दोन-तीन बोटं थर राहू द्यायचा, नाहीतर छपरावरचं आवरण फाटतं. स्कायलाइट (छपरातल्या काचेच्या खिडक्या) कुठे आहेत ते बर्फ पडायच्या आधी झेंड्या लावून ठेवा. दोराशिवाय कोणी वर चढणार नाही. छत वाकलेलं दिसलं, दारं अडकायला लागली, तर वर जायचंच नाही, इंजिनिअरला बोलवायचं.

आणखी दोन गोष्टी, आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या विम्यात माळ्यावरचं आणि बर्फाचं काम बसतं का ते लेखी विचारून घ्या. आणि जुन्या माळ्यावर चमकदार खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट (खनिजाचं जुनं इन्सुलेशन) दिसलं तर तपासल्याशिवाय हात लावू नका, त्यात अॅस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतू) असू शकतं. हो, गॅसची भट्टी असलेलं घर घट्ट बंद केल्यावर धूर उलटा घरात येत नाही ना, हेही तपासून घ्यावं लागतं.

माणसं हिवाळाभर कोण पोसतो, असं भागीदार विचारायचा. जर्मनीत 2006 पासून छप्परवाल्यांसह बांधकामातल्या माणसांना डिसेंबर ते मार्चमध्ये काम थांबलं तर बुडालेल्या निव्वळ पगाराच्या किमान 60 टक्के भत्ता मिळतो, तोही नोकरी न सुटता. तिथे सरकारलाही कळलंय की सोडलेला कारागीर परत मिळवणं महाग पडतं. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर तास कमी करा, आठवड्याला चार दिवस काम द्या, पण नावं यादीवर ठेवा. तरीही तुमचा भागीदार हट्टाला पेटला तर त्याला वसंतातल्या पहिल्या महिन्याचा हिशेब वेगळ्या पानावर मांडायला सांगा: नवी माणसं शिकवण्यात गेलेले दिवस, वाया गेलेला माल, परत जाऊन फुकट केलेली कामं. माझ्या भागीदाराला ते पान मांड म्हणून मी दर वर्षी सांगत होतो. त्याने एकदाही मांडलं नाही.