गाइडबरोबर पहिल्यांदाच ट्राउट-सामन मासे धरायला जाताय?

तारखेआधी मासा ठरवा. नदी एकच असली तरी दोघांचा हंगाम एक नसतो. सामन अंडी घालायला समुद्रातून वर चढतो आणि गोड्या पाण्यात शिरला की जवळजवळ खाणंच सोडतो. म्हणून त्याच्या बाबतीत दिवस दिवस कोरडे गेले तर गाइडला दोष देऊ नका. पावसाने फुगलेली नदी ओसरू लागते, ते दिवस त्याचे.

ट्राउटचं सगळं गणित पाण्याच्या तापमानावर. साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसला तो मनापासून खातो. हिवाळ्यात भर दुपारी, संथ डोहात, निम्फ (पाण्यातल्या अळीसारखं नकली आमिष) अगदी तळालगत. उन्हाळ्यात पहाटेच. पाणी 20 अंशांवर गेलं की थांबायचं, कारण तेव्हा सोडलेला मासाही बरेचदा मरतो. शरदात नदीच्या तळाशी गोट्यांमध्ये फिकट, धुतल्यासारखा पट्टा दिसला तर वळसा घाला. खाली अंडी असतात.

नवख्यांचं बिनसतं ते दोरीपाशी. प्रवाह दोरीचं पोट, म्हणजे मधला सैल भाग, पुढे ओढतो, फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) पाण्यापेक्षा जोरात पळते आणि ट्राउट तोंड फिरवतो. फ्लाय पाण्यावर टेकताच रॉडच्या टोकाने ते पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका. नऊ फुटी लीडर (दोरी आणि फ्लायमधला बारीक पारदर्शक धागा), 5एक्स जाडीचं टिपेट (त्याचं सर्वांत बारीक टोक) ट्राउटला पुरे. सामन ते दोऱ्यासारखं तोडेल.

परवाना आणि वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) पैशांत धरलेत का, आधीच विचारा. वेडरचा कमरपट्टा घट्ट हवा, नाहीतर पडल्यावर आत पाणी भरतं. आणि मासा हाताळण्याआधी हात ओले करा.