आंघोळ घालूनही गोचीड हटत नाहीत

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या गावठी कुत्र्याला दर रविवारी आंघोळ घालूनही पावसाळ्यात अंगभर गोचीड होतात. शेजारी रॉकेल चोळायला सांगतात. त्याचा आहार दूध-पोळी आहे. काय करावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : रॉकेल मुळीच लावू नये, त्याने कातडी भाजते आणि अंग चाटताना ते पोटात जाते. दोष आंघोळीचा नाही. गोचिडीचे बहुतेक आयुष्य कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत आणि अंथरुणाखाली जाते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली उतरून हजारो अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर उपचार करून घर तसेच ठेवले, तर त्रास परत येतो. भेगा बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि कुत्र्याच्या वजनानुसार मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी पशुवैद्यकांकडूनच घ्यावी. (घरात मांजर असल्यास तसे आवर्जून सांगावे, कारण कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतू शकते.) अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा खाणे सुटले, तर गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिकिया व बबेसिया या संसर्गांसाठी रक्त त्वरित तपासून घ्यावे.

दूध-पोळीवर कुत्र्याचे भागत नाही. भाताबरोबर उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली कोंबडी द्यावी. कांदा, लसूण आणि मनुका मात्र कधीही देऊ नयेत.