भाऊजींचं मी करते, त्याचा पगार मिळतो का?

सांगलीत समुपदेशन करते म्हटल्यावर लोकांना वाटतं नवरा-बायकोची भांडणं आणि दहावीचं टेन्शन एवढंच येत असणार. ते येतंच, पण हल्ली एक प्रश्न फार येतोय. घरातल्या दिव्यांग माणसाचं सगळं करणाऱ्या बायका (बायकाच, पुरुष आतापर्यंत दोन आलेत) दुसरंच काहीतरी बोलत बसतात आणि उठता उठता दारात विचारतात, मॅडम, याचे सरकारकडनं काय पैसे मिळतात का ओ?

त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये एवढं बदलून सांगते.

वहिनी तासगावच्या बाजूच्या, मी त्यांना इथं वहिनीच म्हणते. दीर ३४ वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातपाय ताब्यात नसतात), चालणं नाही, बोलणं घरच्यांनाच कळतं असं. सासूबाई होत्या तोवर दोघी मिळून करायच्या, त्या गेल्या आणि सगळं वहिनींवर आलं. त्या आधी सीझनला बेदाणा निवडायला शेडवर जायच्या, ते बंद झालं. माझ्याकडे आल्या त्या झोप येत नाही, चिडचिड होते, पोरांवर हात उचलला जातो म्हणून. तिसऱ्या वेळी मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला, भाच्यानं पाठवलेला, अमेरिकेत म्हणे घरच्याच माणसाला सांभाळायचे तासावर पैसे मिळतात. "हे खरं हाय का? आणि असलं विचारणं वाईट दिसतं का?"

पहिल्याचं उत्तर सोपं. खरं आहे. तिथं मेडिकेड म्हणून सरकारी योजना आहे, तिच्यातून बऱ्याच राज्यांत नातेवाईकाला सांभाळण्याचे पैसे मिळतात, नियम राज्याराज्यात वेगळे, कॅलिफोर्नियात तर घरच्यांना तासाच्या हिशेबानं देतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे पैसे येतात ते दिव्यांग माणसाच्या नावावर, सांभाळणाऱ्याच्या नाही. पण मी त्यांना अजून एक सांगितलं, २०१६ चा जो दिव्यांग हक्क कायदा आहे त्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता हा शब्द लिहिलेला आहे, सरकारनं आपल्या ऐपतीप्रमाणे तशी योजना करावी असं. केरळात सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देण्याची योजना आहेसुद्धा. म्हणजे वाईट दिसायचा प्रश्नच नाही, जे तुम्ही दारात उभं राहून विचारताय ते संसदेनं कायद्यात लिहून ठेवलंय. यावर त्या हसल्या, पहिल्यांदाच.

मग खरी गोष्ट बाहेर आली. पुण्याची नणंद फोनवर म्हणालेली, "भावाचे निराधारचे पैसे येतात की, मग तुझं काय जातंय." हे त्यांच्या पोटात रुतून बसलं होतं.

आणि गंमत अशी की ते पैसे येतच नव्हते! म्हणजे जमा होत होते, पण खातं सासूबाईंच्या सोबत जोडीचं होतं, त्या गेल्यावर बँकेनं अडवलं, भाऊजींची सही नाही, अंगठा मशीनवर उमटत नाही, आणि वहिनी तुम्ही कोण असं विचारलं. सोळा वर्षं भरवणाऱ्या बाईला काउंटरवर तुम्ही कोण! मला हे ऐकून राग आला होता, खोटं कशाला बोलू.

यातून वाट आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुदिव्यांग (एकाहून जास्त दिव्यांगत्व असलेले) या चौघांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. अठरा वर्षांनंतर अशा माणसाला कायदेशीर पालक लागत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पालक झालात की सहा महिन्यांत त्या माणसाच्या मालमत्तेची यादी आणि पुढं दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. वहिनी घाबरल्या, मी म्हटलं हिशेब तुमच्याच कामाचा आहे, उद्या कोणी म्हणालं पैसे खाल्ले तर कागद दाखवायचा.

बाकीचं पटापट सांगते. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना आता महिन्याला २,५०० झालेत, २०२५ च्या ऑक्टोबरपासून, आधी १,५०० होते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, अर्ज तहसीलला. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते करा, बाकी सगळं त्याच्यावर अडतं. निरामय हा सरकारी आरोग्य विमा वर सांगितलेल्या त्याच चार प्रकारांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही बसतो, हप्ता काही शेकड्यांत आणि तरी कोणाला माहीत नसतं. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ते ग्रामसभेत उभं राहून विचारायचं. आणि लाडकी बहीण वहिनींच्या स्वतःच्या नावावर, निराधारचे पैसे दिराचे, त्यामुळे एकामुळे दुसरं बंद होत नाही, ही भीती बऱ्याच जणींना असते.

पण कागदांनी झोप येत नाही. मी त्यांना आठवडाभर वहीत वेळ लिहायला सांगितली. साडेपाचला उठवून डायपर, अंघोळ, भाकरी दुधात कुस्करून भरवणं (एका जेवणाला पाऊण तास, घाई केली तर ठसका), फिटच्या गोळ्या, रात्री दोनदा कूस बदलणं नाहीतर पाठीला जखमा होतात. बेरीज साडेनऊ तास आली. डायपर दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला सहा पाकिटं, साडेतीनशेच्या दरानं २,१००. म्हणजे निराधारच्या २,५०० मधले उरले चारशे, त्यात गोळ्या.

ती वही घेऊन नवऱ्याला बोलावलं, नणंदेला फोनवर स्पीकरवर घेतलं, तसंही पालकत्वाच्या अर्जाला भावंडांची ना-हरकत हवी होती. मी फक्त वही वाचून दाखवली, कोणाला काही बोलले नाही. नवरा खाली बघत बसला. नणंद आधी तावातावानं बोलत होती, मग गप्प, मग म्हणाली, "वहिनी, रात्री दोनदा उठतेस हे मला माहीतच नव्हतं गं." त्या बाईला वाईट ठरवायचा मोह मला झाला होता, पण खरंच तिला माहीत नव्हतं, सणाला येणाऱ्याला रात्र दिसत नाही.

ठरलं असं की नणंद महिन्याला दोन हजार पाठवणार, भाऊजींच्या नाही, वहिनींच्या खात्यावर. आणि मे महिन्यात आठ दिवस येऊन राहणार. दोन हजारांत काय होतंय म्हणाल तर काहीच नाही. पण वहिनी पासबुक घेऊन मुद्दाम दाखवायला आल्या होत्या, "याला काय म्हणायचं मॅडम, पगार?" नवरा शेजारून म्हणाला नाव कशाला द्यायचं, तर म्हणाल्या, "का न्हाई द्यायचं?"

पालकत्वाचा दाखला यायला वेळ लागला, मधे दोनदा कागद परत आले. मे महिन्यात त्यांचा माहेरून व्हॉइस मेसेज आला, मागे पोरांचा दंगा, "मॅडम, भाऊजी नणंदेच्या हातचं जेवंना झाल्यात, ती रडतीया. मी सांगितलंय, पाऊण तास लागतो, बस तिथं."