कामावरून तोंडी काढले, आता काय?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ९ वर्षे यंत्रमाग चालवतो. सोमवारी मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नका.” कागद काहीच नाही. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल. तोंडी काढले तरी ती बडतर्फीच. कोऱ्या कागदावर, राजीनाम्यावर किंवा ‘हिशेब पूर्ण मिळाला’ या पावतीवर सही तेवढी करू नका. लगेच मालकांना स्पीड पोस्टाने पत्र टाका: अमुक तारखेला कामावर आलो, गेटवर अडवले, मी आजही कामाला तयार आहे. पुढे ‘हाच येईनासा झाला’ हा ठरलेला बचाव येतो. तेव्हा हे पत्र आणि पोहोच पावती उपयोगी पडते.

मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस भरले असतील (पगारी सुट्ट्याही धरतात), तर कामगार कपातीसाठी महिन्याची नोटीस किंवा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. रोज ६०० धरला तर ९ वर्षांचे ८१,००० रुपये.

अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार ९० दिवसांत करायची. पण मालक ‘हा माझा कामगारच नाही’ म्हणाले, की हा रस्ता अडतो. यंत्रमागात हे नेहमीचेच. पीएफ पासबुक, ईएसआय कार्ड, आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या नसतील, तर आधी सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज द्या. ४५ दिवसांत तडजोड झाली नाही, तर थेट न्यायनिवाड्यासाठी जाता येते. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत.