साठ वर्षं पूर्ण झाल्यावर तुम्ही स्वतःला काय सल्ला द्याल?

मला नुकतीच साठ पूर्ण झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, त्यामुळे मोकळ्या वेळेची सवय होऊन गेली होती. मुलांनी साठीशांतीचा घाट घातला, ती छान पार पडली. त्या गडबडीत स्वतःला एकच गोष्ट बजावली: बाई, तुझे निर्णय यापुढेही तूच घ्यायचे. मुलं मायाळू आहेत, सून-जावई गुणी आहेत, म्हणूनच हे आत्ता करायचं. सगळं गोडीत असतानाच असे विषय काढता येतात.

पहिलं काम मृत्युपत्राचं. आपल्याकडे हा शब्द काढला की घरात कुणीतरी "कशाला अभद्र बोलताय" म्हणतंच. मी आणि ह्यांनी वेगवेगळं केलं, कारण घर दोघांच्या नावावर असलं तरी फंडाचे पैसे आणि दागिने माझे आहेत. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आम्ही साक्षीदार आमच्याहून लहान वयाचे आणि ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे घेतले. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला.

खरा वेळ गेला तो दागिन्यांवर. "सर्व दागिने समान वाटावेत" असं एका ओळीत लिहिता आलं असतं, पण सासूबाईंच्या ठुशीचे समान भाग कसे करणार? म्हणून नाव घालून लिहिलं. ठुशी लेकीला, पाटल्या सुनेला, मोहनमाळ नातीला. मग लेक आणि सून दोघींना समोर बसवून वाचून दाखवलं. सून म्हणाली, "आई, मोहनमाळेची कडी सैल झालीय, ती आधी सोनाराकडे टाकू." तेवढ्यावर विषय संपला. कपाट उघडून दागिन्यांची वाटणी करायची वेळ माझ्यामागे त्यांच्यावर येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

पुष्कळांना वाटतं की बँकेत नॉमिनी लावला म्हणजे झालं. ठेवीचा नॉमिनी मालक होत नाही. तो बँकेकडून रक्कम ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याचा राहतो. म्हणून दोन्ही कागद एकमेकांशी जुळते ठेवावेत.

आणि जिवंतपणी राहतं घर बक्षीसपत्र करून देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळे "आत्ताच नावावर करून टाका" असा सल्ला देणारे भेटतात. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र झालं की घर गेलं. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करावा" ही अट दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. अट घालून दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरणाकडून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण म्हातारपणी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या कोण चढणार? घर आपल्या नावावर राहू द्यावं.

पैशाचं थोडक्यात सांगते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, व्याज दर तिमाहीला. माझं व्याज माझ्या खात्यात येतं. नातवंडांना काही घ्यायचं झालं तर मला कुणाकडे मागावं लागत नाही.

शरीराबद्दल मात्र स्वतःला जरा दटावून सांगितलं. रोज फिरायला जाते, हे पुरेसं नाही. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर विरळ होतात आणि स्नायूही कमी होत जातात. त्यांना थोडा भार द्यावाच लागतो. म्हणून हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घेतली. आता सकाळी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करते, मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम. जेवणात उसळ, ताक, जमेल तेव्हा अंडं. माझी आई मांडी घालून बसलेली हात न टेकता उठायची, तेही अगदी उतारवयात. मला तेवढं हवं आहे. स्वतःचं स्वतः उठता आलं, तर बाकीचे निर्णय स्वतः घेण्याला अर्थ आहे.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमची साठी दिवाळीच्या आसपास आहे आणि मुलं त्या वेळी गावी येणार आहेत. मग भाऊबीज झाली की एक सकाळ यासाठी राखून ठेवा. सगळे कागद एका फाइलमध्ये लावा, फाइल कुठल्या कपाटात आहे ते मुलांना दाखवा आणि मृत्युपत्र मुलांसमोर स्वतः वाचा. नाश्त्याआधी नको, नंतर.